मूठ तीच, नळी निराळी

स्वयंपाकघरातल्या मिक्सरला मोटार एकच असते, भांडी मात्र तीन. चटणीचे छोटे, सुक्या मसाल्याचे मधले आणि इडली-डोशाच्या पिठाचे मोठे. भांडे बदलले की त्याच मोटारीला नवे काम मिळते. पण सराईत गृहिणीला विचारा; ती सांगेल की नुसते भांडे बदलून भागत नाही. झाकणावर किती जोर द्यायचा, किती वेळ फिरवायचे, कुठे थांबायचे, हे हातालाही नव्याने ठरवावे लागते. स्पर्धेच्या पिस्तुलाची गोष्टही काहीशी अशीच आहे, असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. मराठी मध्यमवर्गीय घराचा पिस्तुलाशी संबंध येतो तो बहुधा चित्रपटापुरता किंवा पोलिसांच्या कमरेपुरता. त्यातल्या नळ्या बदलता येतात, त्यासाठी स्पर्धा असतात आणि त्या बदलापायी माणसे वर्षानुवर्षे घाम गाळतात, हे आपल्या गावीही नसते.

हे जग पाहायचे तर दिल्लीच्या दक्षिण टोकाला जावे लागते. तुघलकाबादच्या पडक्या किल्ल्याच्या परिसरात, अरवलीच्या खडकाळ रानाला लागून डॉ. कर्णीसिंग नेमबाजी संकुल आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी ते उभारले गेले आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी त्याचे रूप पालटले. कर्णीसिंग हे बिकानेरचे महाराजा. १९६२ मध्ये त्यांनी जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले होते. या खेळाच्या पायाभरणीत एक मराठी नावही आहे. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. आजही राष्ट्रीय स्पर्धेची वाट ज्या पात्रता स्पर्धेतून जाते, ती मावळंकरांच्याच नावाने ओळखली जाते.

दोन काडतुसे, दोन स्वभाव

पिस्तुलाच्या नेमबाजीत पंचवीस मीटरच्या रेंजवर मुख्यतः दोन काडतुसांचे राज्य आहे. एक 'पॉइंट टू-टू', म्हणजे .२२. दुसरे 'थर्टी-टू', म्हणजे .३२. हे आकडे इंचाचे. मिलिमीटरच्या हिशेबात पहिली नळी सुमारे ५.६ ची आणि दुसरी सुमारे ८ ची. कागदावर फरक जेमतेम अडीच मिलिमीटरचा. हातात मात्र तो फार मोठा असतो.

.२२ ची गोळी साधारण अडीच ग्रॅमची. .३२ ची सहा ग्रॅमच्या वर, म्हणजे जवळजवळ अडीच पट. वेगाचे गणित याच्या उलट. हलकी गोळी सेकंदाला सुमारे सव्वातीनशे मीटर वेगाने सुटते. जड गोळी त्यामानाने सावकाश निघते, पण निघताना हाताला चांगलाच धक्का देते. स्पर्धेसाठी वापरतात ती .३२ ची गोळी पुढून चपटी असते आणि पुंगळीत पार आत बसवलेली असते. ती कागदाला ठिगळ कापल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही.

आणखी एक फरक आहे आणि तोच या सगळ्या खटाटोपाचे मूळ आहे. .२२ च्या काडतुसात ठिणगी देणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो. म्हणून ठोकणारी सुई कडेवर बसावी लागते. .३२ मध्ये तो बुडाच्या मधोमध, एका छोट्या टिकलीत असतो. सुई बरोबर मध्यभागी बसावी लागते. यामुळेच या प्रकाराला 'सेंटर फायर' म्हणतात. म्हणजे एका काडतुसाकडून दुसऱ्याकडे जायचे तर नुसती नळी बदलून चालत नाही. सुई, तिला धरणारा मागचा सरकता भाग, धक्का पेलणारी स्प्रिंग आणि काडतुसे भरायचे मॅगझिन, असा सारा संसारच बदलावा लागतो.

जर्मनीच्या वॉल्थर कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'जीएसपी' नावाचे पिस्तूल काढले, त्यात ही सोय मुळातच होती. मूठ आणि सांगाडा कायम. वरचा सगळा जोडसंच.२२ चा किंवा .३२ चा बसवायचा. स्वित्झर्लंडच्या हॅमर्लीने आणि इटलीच्या पार्डिनीनेही पुढे आपापल्या परीने तीच वाट धरली. नेमबाजांना हे पटले, कारण पिस्तुलाचा सर्वांत खाजगी भाग म्हणजे त्याची मूठ. अक्रोडाच्या लाकडाची ही मूठ ज्याच्या-त्याच्या पंजाप्रमाणे कानशीने घासलेली असते, जिथे पोकळी वाटते तिथे लुकण भरलेले असते. तळहाताची गादी, अंगठ्याचा खाचा, करंगळीचा टेकू, सगळे एकाच माणसाच्या मापाचे. चष्म्यासारखी ती दुसऱ्याच्या उपयोगाची नसते. नळी कोणतीही असो, हाताला आपले घर ओळखीचे वाटावे, हा त्या बदलत्या संचामागचा विचार.

धक्का लागण्याआधीचा धक्का

मग अडचण कुठे येते? ती येते माणसात. यंत्राचा बदल काही मिनिटांचा असतो, मनगटाचा बदल काही आठवड्यांचा.

.३२ चा धक्का एकदा अंगाला माहीत झाला की शरीर शहाणे होते आणि तिथेच घात होतो. गोळी सुटण्याच्या क्षणभर आधीच मनगट आपोआप आवळते, खांदा किंचित दबतो. नेमबाज ते ठरवून करीत नाही. चेहऱ्यावर पाणी उडाले की डोळे मिटावेत तसे ते घडते. आणि एवढ्याशा हालचालीने पंचवीस मीटरवर गोळी दहाच्या वर्तुळातून आठात जाऊन बसते. सावकाश नेमाच्या टप्प्यातील लक्ष्यावर हे दहाचे वर्तुळ जेमतेम पाच सेंटिमीटर व्यासाचे असते. शिवाय जड गोळी नळीत थोडी जास्त वेळ रेंगाळते. तेवढा वेळ हात स्थिर ठेवणे भाग असते. .२२ वर जी घाई खपून जाते, ती .३२ माफ करीत नाही.

या स्पर्धेत साठ गोळ्या झाडायच्या असतात. पहिल्या तीस सावकाश, पाच मिनिटांत पाच अशा. नंतरच्या तीसमध्ये लक्ष्य सात सेकंद लपते आणि तीन सेकंद दिसते. हात ४५ अंशांत खाली ठेवायचा, लक्ष्य दिसताच उचलायचा आणि एकच गोळी झाडायची. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पात्रता फेरी हीच असते, फक्त काडतूस .२२ चे.

यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा. काडतूस न भरता कोरा सराव. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, हात उचलायचा, चाप दाबायचा आणि समोरच्या माशीचे टोक हलले का ते पाहायचे. असे शेकडो वेळा. गायकाने पहाटे खर्ज लावावा तसा हा रियाज असतो. त्याला टाळ्या नसतात, आवाजही नसतो.

या रियाजाचे फळ काय असते ते जसपाल राणा यांच्या कारकिर्दीत दिसते. १९९४ साली मिलानमध्ये ते .२२ च्या स्टँडर्ड पिस्तूल प्रकारात कनिष्ठ गटाचे जगज्जेते झाले. त्याच वर्षी हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धांत त्यांनी .३२ च्या सेंटर फायरमध्ये सुवर्णपदक मिळवले. वय अवघे अठरा. बारा वर्षांनी, डिसेंबर २००६ मध्ये दोहा येथे त्यांनी ही किमया एकाच स्पर्धेत करून दाखवली. स्टँडर्ड पिस्तुलात सुवर्ण, सेंटर फायरमध्ये सुवर्ण, शिवाय सेंटर फायरचे सांघिक सुवर्ण. सेंटर फायरमधले त्यांचे ६०० पैकी ५९० गुण तेव्हाच्या जागतिक विक्रमाच्या बरोबरीचे होते. दोन काडतुसे, दोन धक्के आणि हात एकच!

चार वर्षांनी तुघलकाबादच्याच रेंजवर, ऑक्टोबर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत, हिमाचलच्या हमीरपूर जिल्ह्यातून सैन्यात आलेल्या विजय कुमार यांनी तशीच कामगिरी केली. .२२ च्या रॅपिड फायरमध्ये वैयक्तिक आणि जोडीचे सुवर्ण, .३२ च्या सेंटर फायरमध्ये जोडीचे सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य. त्या रौप्याच्या पुढे होते हरप्रीत सिंग, म्हणजे जोडीतले त्यांचेच सहकारी. दोन वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार रॅपिड फायरचे रौप्यपदक घेऊन परतले.

नियम बदलतो तेव्हा

काडतूस बदलण्याची ही वेळ कधी कधी माणूस आपणहून आणत नाही. ती त्याच्यावर येते. रॅपिड फायरचा इतिहास तेच सांगतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत या प्रकारात '.२२ शॉर्ट' नावाचे आखूड काडतूस चालत असे. त्याचा धक्का नाममात्र. पिस्तुलेही खास त्याच्यासाठी घडवलेली, मूठ हाताला चहूबाजूंनी वेढणारी आणि चाप फुंकर मारावी इतका हलका. जर्मनीचे राल्फ शुमान या पिस्तुलाचे बादशहा. १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांच्या नावावर होती.

२००५ पासून नियम बदलला. आखूड काडतूस बाद झाले. इतर प्रकारांत चालते तेच .२२ लाँग रायफल काडतूस आणि तेच पिस्तूल इथेही वापरावे, चाप किमान एक किलो वजन पेलणारा असावा, असे ठरले. एका रात्रीत जगभरची अनेक उंची पिस्तुले कपाटात गेली. विक्रमांची वहीही कोऱ्या पानापासून सुरू झाली. शुमान तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. तीन सुवर्णपदके गाठीशी असताना निवृत्त होणे सोपे होते. त्यांनी नवे पिस्तूल हाती घेतले आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, रौप्यपदक मिळवले. सुवर्णापेक्षा एक पायरी खालचे ते पदक, पण ज्यांना उतारवयात हातातले अवजार बदलावे लागले आहे त्यांना त्याचे मोल सांगायला नको. टंकलेखन यंत्रावरून संगणकावर आलेल्या कारकुनांची एक पिढी आपल्याही घरांत होतीच की!

कपाट, कुलूप आणि कायदा

घराघरांत या खेळाचा प्रश्न वेगळ्याच टोकापासून सुरू होतो. मुलगा किंवा मुलगी शाळेत हवेच्या पिस्तुलावर हात बसवते. ४.५ मिलिमीटरच्या, ठरावीक शक्तीपर्यंतच्या त्या पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. आईवडिलांना ते कॅरमसारखेच निरुपद्रवी वाटते. मग एक दिवस प्रशिक्षक सांगतात, आता .२२ हवे. इथून घराचा उंबरठा ओलांडून खरे अग्निशस्त्र आत येते. परवाना, पोलिस चौकशी, लोखंडी कपाट, काडतुसांचा हिशेब, हे सारे त्याच्याबरोबर येते.

कायदा या बाबतीत कडक आहे आणि तसाच असायला हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही धरलेले आहेत. म्हणजे बदलायची नळी हा काही मिक्सरच्या भांड्यासारखा बाजारातून आणायचा जिन्नस नव्हे. तिची आयात, नोंद, परवाना सगळे रीतसरच व्हावे लागते. सामान्य परवानाधारकाला किती शस्त्रे ठेवता येतात यावरही मर्यादा आहे. १९८३ च्या दुरुस्तीने ती तीनवर आणली, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर. नेमबाजांची त्यामुळे कोंडी होऊ नये म्हणून २०२० मध्ये सरकारने त्यांच्यासाठी सवलतीची वेगळी अधिसूचना काढली.

कुणाला वाटेल, .२२ म्हणजे खेळातले छोटे काडतूस, त्यासाठी एवढा बडेजाव कशाला? त्याचे उत्तरही दिल्लीतच आहे. एप्रिल १९९९ च्या अखेरीस मेहरौलीतल्या एका उपाहारगृहात जेसिका लाल या तरुणीला मद्य देण्यास नकार दिल्याबद्दल जिवे मारण्यात आले. ती गोळी .२२ पिस्तुलातली होती. तुघलकाबादची रेंज तिथून काही मैलांवर आहे. पुढे खटला गाजला, आरोपी सुटले, लोक रस्त्यावर आले. अखेर डिसेंबर २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवले. त्याच महिन्यात दोह्यात जसपाल राणा .२२ आणि .३२ ची सुवर्णपदके गळ्यात घालत होते. काडतूस लहान की मोठे यावर काहीच ठरत नाही. ते कुणाच्या हातात आहे, त्या हाताला 'थांब' हा शब्द शिकवला आहे की नाही, यावर सगळे ठरते. म्हणूनच रेंजवर नवख्याला नेम शिकवण्याआधी पिस्तूल खाली ठेवायला शिकवतात. नळीचे तोंड लक्ष्याकडेच, हुकूम होईपर्यंत बोट चापाबाहेर, काम झाले की पिस्तूल रिकामे करून दाखवायचे. घरी शस्त्र आणणाऱ्या कुटुंबाला हा धडा पदकाहून मोठा मानावा लागतो.

खडकी ते तुघलकाबाद

महाराष्ट्राशी या दोन काडतुसांचे नाते जुने आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. रिव्हॉल्व्हरसाठी लागणारी .३२ ची काडतुसे तिथे तयार होत आली आहेत. स्पर्धेसाठी लागणारी चपट्या गोळीची काडतुसे मात्र बहुतेक नेमबाज परदेशी वापरतात. याच खडकीत वाढलेल्या अनिसा सय्यद यांनी २०१० मध्ये दिल्लीत महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले. त्यांच्या मागोमाग रौप्य होते कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे, आणि जोडीचे सुवर्ण दोघींचे मिळून. पुढे अनिसा हरियाणाकडून खेळू लागल्या. २०१४ मध्ये ग्लासगोला क्रम उलटला. राहींना सुवर्ण, अनिसांना रौप्य. २०१८ मध्ये पालेम्बांगला राही आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरल्या. सरनोबत म्हणजे शिवकाळातला सेनाधिकारी. आडनावाने आपला शब्द खरा केला म्हणायचा!

पुरुषांच्या .३२ च्या वाट्याला मात्र हळूहळू एकटेपण आले. सेंटर फायर ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हते. राष्ट्रकुल स्पर्धांत ते शेवटचे दिसले २०१० मध्ये, याच दिल्लीत. आशियाई स्पर्धांत २०१४ ला इंचॉनमध्ये. तिथे भारताने सांघिक रौप्य मिळवले. जागतिक स्पर्धेत आणि राष्ट्रीय स्पर्धेत ते अजून टिकून आहे. ज्या प्रकाराला ऑलिंपिक नाही त्याला प्रायोजक कमी, नोकरीतली बढती कमी, वर्तमानपत्रात जागा कमी. मग कुणी त्यासाठी वेगळी नळी, वेगळे मॅगझिन, वेगळी काडतुसे का जमवावीत, हा प्रश्न घरातल्या जमाखर्चाच्या वहीला पडतोच. तो चुकीचाही नाही. तरीही राष्ट्रीय स्पर्धा आली की .३२ ची पेटी उघडली जाते. जड गोळी हाताचा खोटेपणा उघडा पाडते, म्हणून.

हा धडा पुढच्या पिढीला वेगळ्या वाटेने पोचतो. जसपाल राणा पुढे प्रशिक्षक झाले. दिल्लीच्या शेजारच्या, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या झज्जर जिल्ह्यातल्या गोरिया गावच्या मनू भाकर त्यांच्या शिष्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनूंनी हवेच्या पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवली, एक एकटीने आणि एक सरबज्योत सिंग यांच्यासह. लगेच त्याच आठवड्यात त्या .२२ घेऊन २५ मीटरच्या रेंजवर उभ्या राहिल्या आणि चौथ्या आल्या. पाचशे ग्रॅमचा चाप दाबणाऱ्या बोटाला काही दिवसांतच हजार ग्रॅमची सवय पुन्हा आठवावी लागली. पदक थोडक्यात हुकले, पण दोन्ही अवजारांवर जगातल्या पहिल्या चारांत येणे ही सोपी गोष्ट नव्हे.

सेंटर फायरच्या नियमांत एक समंजस सोय आहे. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला पाच गोळ्या अशा मिळतात की ज्यांचे गुण धरले जात नाहीत. नळी बदलली असेल, उजेड बदलला असेल, मन बदलले असेल, तर या पाच गोळ्यांत ते समजून घ्यायचे. गोळी कुठे लागते ते पाहायचे, दृष्टीपट्टीचा खिळा एक-दोन खटके फिरवायचा, श्वास लावून घ्यायचा. अनुभवी नेमबाज या पाच गोळ्या कधी घाईने उडवत नाहीत. नव्या गावी बदली झालेली माणसे, सासरी आलेल्या मुली, निवृत्तीनंतर रिकामा दिवस हाती आलेले गृहस्थ, यांनाही अशा बिनगुणांच्या पाच गोळ्यांची गरज असते. त्या त्यांना मिळू देणे आसपासच्या माणसांच्या हातात आहे. सहाव्या गोळीपासून हिशेब सुरू होणारच असतो.